नवा खुबा आणि जुनं उभं राहणं

२८ नोव्हें. ९३, रविवार
फाटकापर्यंत गेलो नि परत आलो. वॉकर नाही, नुसती काठी. दुखलं नाही! पाऊल टाकलं की खुब्यात सुरी फिरायची, ती गेली. दसऱ्याच्या अगोदर ऑपरेशन झालं तेव्हा वाटलं होतं, आता खाटेवरच. सौ. दारातून बघत होती. म्हणाली, "नवरदेवावाणी चालू नका, माणसं बघतेत." बघू देत की. सगळ्या गारखेड्यानं बघावं.
नवा खुबा एवढं कोण लिहिणार रोज. आजपासून न.खु.

७ डिसें., मंगळ.
डॉ.कडं. नीट वापरला तर न.खु. जन्मभर पुरेल म्हणाले. उकिडवं बसायचं नाही, मांडी नाही, पायावर पाय नाही. निसटला तर पुन्हा उघडावा लागतो, आणि दुसऱ्या खेपेला पहिल्यासारखा बसत नाही.
मी विचारलं, मेंढरांमागं जाऊ का? सौ.नं कोपर मारलं. डॉ. हसले. जानेवारीत खुब्याचा फोटो काढू, मग सांगतो म्हणाले.
धाकटा भाऊ दगडू संक्रांतीनंतर गंगापूरकडून मेंढरं घेऊन येतो, पडेगावच्या माळावर उतरतो. खुबा गेल्यापासून त्याच्याबरोबर एक मजल केली नाही. औंदा करायची. पडेगाव ते दौलताबाद, एवढीच. पण करायची.

१९ डिसें., रविवार
इठ्ठल, आमचा थोरला, वाळूजला कंपनीत वेल्डर. त्यानं लोखंडी खुर्ची करून आणली, मधे भोक पाडून. संडासात ठेवली. बसलो तर निजामाच्या गादीवर बसल्यासारखं. बाहेरून सौ. विचारते, "हुजूर, उरकलं का?"
आत हसू आवरेना. हसलं तरी खुब्यात काही नाही. बघा!

२७ डिसें., सोम.
शीलाबाई येऊन गेल्या. व्यायाम घेतात माझा. पाय बाजूला न्यायचा, टाच दाबायची. काठी डाव्या हातात धरा म्हणतात, कापलेल्या बाजूच्या उलट. म्हणालो, बाई, धनगराला काठी धरायला शिकवता? लई हसल्या. पण धरली डाव्या हातात. तुमच्यासारखं ऐकणारा पेशंट नाही म्हणाल्या.
दिवसभर फुगलेला होतो.

१३ जाने. ९४, गुरु.
शहरात जागोजागी पोलीस. विद्यापीठाचं नामांतर आज-उद्या होणार म्हणतात. एस.टी. बंद. इठ्ठल कंपनीतच थांबला. दगडू कुठं अडकला कळायला मार्ग नाही. माझा फोटो पुढं गेला. गावात या नावावरून मागं काय काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय. तसं पुन्हा नको...

१५ जाने., शनि.
नाव लागलं.
शीलाबाई पेढे घेऊन आल्या. आज व्यायामाचा वार नाही, मुद्दाम आल्या. त्यांच्या वडलांनी या नावापायी मार खाल्लेला. मी फाटकावरच होतो, लांबूनच हात केला. हसत आल्या आणि एकदम थांबल्या.
"बाबा, हलू नका. पायाकडं बघा."
बघितलं. डाव्या पायावर उभा, उजवा पाय डाव्याच्या पुढून आडवा, बोटं टेकवलेली, हनुवटी काठीवर. मेंढरं राखताना माणूस उभा राहतो तसा. मग कसा राहणार?
त्यांनी धरून हळूच पाय सोडवला. पायावर पाय नाही म्हणजे उभं असतानाही नाही, म्हणाल्या. मी ते फक्त बसण्याचं समजून चाललो होतो. सौ. बोलली, "रोज सकाळ-संध्याकाळ असेच उभे राहतेत. मला वाटलं, आता बरं वाटतंय त्यांना."
शीलाबाई पायरीवरच बसल्या. पेढा माझ्या हातातच. मग म्हणालो, बाई, तुमच्या आजच्या दिवशी तोंड पाडू नका, खा आधी. सगळ्यांनी खाल्ला. गोड लागला, पण खाताना नजर पायावरच.

१८ जाने., मंगळ.
फोटो काढला. डॉ. उजेडाला धरून बघत बसले.
न.खु. जागेवर आहे!
मजलीचं विचारलं. सांधा तयार आहे, बाबा, म्हणाले. "मेंढरं बघत उभे राहाल तेव्हा पाय कुठं आहे ते आठवेल का? आठवत असेल तर जा."
येताना रिक्षात सौ.ला म्हणालो, आठवेल की.

२३ जाने., रविवार, पडेगाव
दगडू आला! मेंढरांचा वास लांबूनच आला, टेंपोत बसल्या-बसल्या. उतरलो, काठी डाव्या हातात, दोन्ही पाय फाकवून उभा.
दगडू म्हणतो, "दादा, बंदोबस्ताला आलास व्हय?"
सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं स्वतःच्या पायाकडं बघितलं. आडवा. पलीकडचे दोघं गडी, तेही आडवेच. दगडू हसत सुटला.
सकाळपासून सांभाळलं. दुपारी एक मेंढी व्याली. कोकरू उठायचं, पडायचं, परत उठायचं. दगडू, सौ., मी, सगळे बघत राहिलो. चौथ्या का पाचव्या खेपेला उभं राहिलं, थानाला लागलं. तेव्हा आठवण झाली.
खाली बघितलं. पाय आडवा नव्हता. पण उजवी टाच उचललेली, पाय निघालाच होता.
टेकवली.
दगडू विचारतोय, पहाटे निघायचं, येतूस ना? माझ्या तोंडाकडं बघतोय. सौ. पायाकडं.