बास ऐकू आला पाहिजे

७ फेब्रुवारी, रविवार
डॉक्टरांच्या दवाखान्यात प्रॅक्टिस. दातांचे डॉक्टर, पण रविवारी ड्रम. वेटिंग रूम आमची. दुसऱ्या गाण्यात मला शिंका आल्या, लागोपाठ. तेवढा वेळ माझा बास गिटार बंद. कोणी मान वळवून पाहिलं नाही.
नंतर मेव्हण्याला विचारलं, मध्ये काही जाणवलं का. तो गातो, गिटारही वाजवतो, त्यामुळे कान तयार असायला हवा. म्हणाला, "का, तुम्ही बाहेर गेला होता का?"
निदान : दोष बोटांत नाही, ॲम्प्लिफायरमध्ये आहे. जुना ॲम्प इतका जड की मी तो वर्षानुवर्षं दवाखान्यातच ठेवलाय. पेशंट त्यावर चहाचे कप ठेवतात. अशा वस्तूतून संगीत कसं निघणार?

९ फेब्रुवारी, मंगळवार
लेकीचा फोन. २१ मार्चला सकाळी रजिस्टर लग्न, संध्याकाळी पार्टी. जावयाच्या ऑफिसच्या इमारतीची गच्ची, पाचवा मजला. म्हणाली, बाबा, तुमचा बँड एखाद-दुसरं गाणं वाजवेल का? एखाद-दुसरं म्हणजे संकोच. पोर लाजाळू आहे. आठ गाणी करू.
उघड्या गच्चीवर सगळ्यात आधी हवेत विरतो तो बास. म्हणजे ॲम्पचा नवा सेट घेणं आता बापाचं कर्तव्यच झालं. आणि पोर्टेबल हवा. मी एकट्याने, कोणाच्या हातापाया न पडता, उचलून नेईन असा.
हिला सांगितलं. ही म्हणाली, "बास."
वाद्याबद्दल बोलली असं धरून चाललोय.

१३ फेब्रुवारी, शनिवार
अभ्यासाला सुरुवात. दोन वस्तू लागतात : हेड, म्हणजे खरा ॲम्प, आणि कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी. हल्लीची हेडं जाडजूड पुस्तकाएवढी असतात. वजन नगण्य. अर्धी लढाई जिंकलीच.
विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात हयात गेली. वस्तू पारखणं मला कोणी शिकवू नये.

१७ फेब्रुवारी, बुधवार
ऑफिसात तुलनेचा तक्ता केला. वॅट, ओहम, वजन, स्पीकरचा व्यास. प्रिंट साहेबांच्या हाती पडली. त्यांनी विचारलं, हा कुठला क्लेम? म्हटलं, गुंतागुंतीचा आहे. ते म्हणाले, मग नामंजूर करा.

२० फेब्रुवारी, शनिवार
दुकान. दुकानदाराने एका दहा इंची स्पीकरचं छोटं कॅबिनेट काढलं. एका हाताने उचलता येतं. वाजवून पाहिलं. चांगलं वाजलं. इतकं चांगलं की संशय आला. एवढ्याशा पेटीतून एवढा आवाज म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.
दुकानदार म्हणाला, चौघांच्या बँडला हे पुष्कळ झालं. सगळ्यांना हेच सांगत असेल.
विचार करून कळवतो म्हणालो.

२८ फेब्रुवारी, रविवार
लेक आलीय, लग्नापर्यंत इथेच. सकाळी म्हणाली, आज नव्या घरी चला ना माझ्याबरोबर, पडदे लावायचेत. पण आजच दोन स्पीकरचं कॅबिनेट ऐकायला बोलावलं होतं. तिला समजावलं की हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. हो म्हणाली. ही गेली तिच्याबरोबर.
दोन स्पीकरचं बरं आहे. पण दोन असू शकतात तर चार का नकोत, हा प्रश्न मनात येऊन गेला.

३ मार्च, बुधवार
निश्चय : रोज सकाळी व्यायाम. पोर्टेबल ही गोष्ट शेवटी सापेक्ष आहे. माणूस बळकट झाला की वस्तू आपोआप हलकी होते. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहीत नाहीत.

४ मार्च, गुरुवार
व्यायाम केला. पाठीत उसण. ऑफिसला रजा.

७ मार्च, रविवार
प्रॅक्टिसला गेलो, उभं राहता येईना म्हणून पेशंटच्या खुर्चीत आडवा पडून वाजवलं. मास्तर म्हणाले, आज आराम करा, मी सांभाळून घेतो. मास्तर गणिताचे क्लास घेतात आणि आमच्यात कीबोर्ड वाजवतात. मनाने चांगले आहेत, पण बास म्हणजे काय सांभाळून घ्यायची गोष्ट आहे?
मी वाजवतच राहिलो. डॉक्टर मध्येच थांबून म्हणाले की ताल पुढे पळतोय. त्यांचा पळत असणार. आडव्या माणसाला पळता येत नाही.

१३ मार्च, शनिवार
घेतलं!
चार स्पीकरचं कॅबिनेट, सोबत हेड. लहान फ्रिज म्हणता येईल, पण दिसायला भारदस्त. पुन्हा पुन्हा विचारलं, पोर्टेबल आहे ना? दुकानदार खाली वाकून पाहून म्हणाला, चाकं आहेत. बस्स. चाकं आहेत म्हणजे पोर्टेबल. मोटारसुद्धा कोणी डोक्यावर घेऊन जात नाही.
दुकानदार आणि त्याचा मदतनीस, दोघांनी टेम्पोत चढवलं. घराच्या दारात टेम्पोवाला आणि वॉचमन. मी दिशा सांगत होतो.
हिने दार उघडलं, पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

१४ मार्च, रविवार
हॉलमध्ये जोडलं. एकच तार छेडली. कपाटातली भांडी वाजली. खालच्या काकू वर आल्या, भूकंप झाला का विचारत. आयुष्यात पहिल्यांदा माझा बास कोणाला तरी ऐकू गेला. डोळे पाणावले.
लेक म्हणाली, बाबा, शुक्रवारी संध्याकाळी थोडा वेळ काढाल का, नुसतं बोलत बसू. जरूर म्हटलं.

१९ मार्च, शुक्रवार
कॅबिनेट चार ओहमचं, हेडला किती झेपतं हे पुस्तिकेत बारीक अक्षरात दिलंय. ते वाचण्यात संध्याकाळ गेली. झेपतं. लेक दोनदा डोकावून गेली. मूड चांगला होता तिचा, हसली.

२१ मार्च, रविवार, दुपार
लग्न छान झालं. छोटंसं ऑफिस, खास आमच्यासाठी रविवारी उघडलेलं, लाकडी बाक, पंखा. सह्यांच्या वेळी नेमका दुकानदाराचा फोन. स्पीकरची केबल आखूड निघाली होती, तो लांब केबल पाठवत होता, पत्ता नीट सांगणं भाग होतं. आत आलो तर वडिलांच्या जागी साक्षीदार म्हणून मेव्हण्याने सही करून टाकलेली. हरकत नाही. घरचाच माणूस.
विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या बँडबद्दल फार ऐकलंय. 'फार' या शब्दावर जोर होता.
संध्याकाळी बँडमधल्या बाकीच्यांना जिन्याने वर पाठवणार. सेट मी एकटा आणणार. मागच्या बाजूला मालाची लिफ्ट आहे, पाहून ठेवलीय. मेव्हणा म्हणाला, मी थांबतो हात लावायला. नको म्हटलं. एकट्याने आणलं तरच त्याला पोर्टेबल म्हणता येतं.

संध्याकाळ, लिफ्टमध्ये
वही गिटारच्या पिशवीत होती म्हणून बरं.
तपशील : जाळीच्या दाराची लिफ्ट. कॅबिनेट आत ढकललं, मी, हेड, गिटार. वर निघालो. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे कॅबिनेट स्वतःच्या चाकांवर घरंगळलं आणि जाळीवर आदळलं. जाळी हलली की ही लिफ्ट थांबते. थांबली. आता कॅबिनेट जाळीत अडकलंय, आणि कॅबिनेटच्या मागे मी.

थोड्या वेळाने
मेव्हण्याला फोन केला. तो आणि ही खाली धावत आले. लिफ्टवाला बोलावलाय, रविवार असल्यामुळे लांबून येणार. त्यांना बजावलं, व्याह्यांकडे एक अक्षर कळता कामा नये. पहिल्याच दिवशी मुलीचा बाप मालाच्या लिफ्टमध्ये, हे बरं दिसत नाही. विचारलं तर सांगा, ते आवाजाचं बघतायत. खोटंही नाही.
हिने जाळी ओढून पाहिली. एकदाच म्हणाली, बास. या वेळी वाद्याबद्दल नव्हतं.

आणखी थोड्या वेळाने
त्यांना म्हटलं, सुरू करा, तिसऱ्या गाण्याला येतो. सुरू केलंय. लिफ्टच्या बोगद्यातून सगळं ऐकू येतं. मेव्हण्याचा आवाज लागलाय आज. टाळ्या. ताल अजिबात पळत नाहीये. डॉक्टरांनी घरी मेहनत घेतलेली दिसते.
गाण्याच्या खालून काहीतरी जाड, गोल, स्थिर आवाज येतोय. बहुतेक लिफ्टची मोटर.

सातवं गाणं
लेक आली. एकटी. जिन्याच्या पायरीवर बसली, नव्या साडीत, भिंतीला टेकून. लिफ्ट मजल्याच्या जराशी खाली आहे, त्यामुळे वाकली की तिचा चेहरा कॅबिनेटच्या वरून दिसत होता. जाळीतून आइस्क्रीमचा कप दिला. चमचा विसरली, मग परत वर जाऊन आणला.
खूप बोलली. नव्या घरात सकाळी ऊन कुठून येतं. विहीणबाई चांगल्या आहेत पण सारख्या विचारतात, जेवलीस का, आणि खरंच भूक नसेल तर काय सांगावं कळत नाही. सही करताना मागे वळून पाहिलं म्हणे, तर मी नव्हतो.
मी तिला केबलचं समजावून सांगितलं. चार ओहमचंही. ती ऐकत होती.
मग म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते आला असतात तरी चाललं असतं."
म्हटलं, "नुसतं कसं येणार? हेडला कॅबिनेट लागतंच."
हसली. मग डोळे पुसले. लिफ्टच्या बोगद्यात फार धूळ आहे, संबंधितांना कळवायला हवं. फोटोसाठी वरून हाका आल्या तरी दोनदा येते येते म्हणाली आणि उठली नाही. जाळीतून बोटं आत घालून माझी बोटं धरून बसली होती, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. मी आइस्क्रीम डाव्या हाताने खाल्लं. सांडलं थोडं.
तिसऱ्या हाकेला गेली.
तांत्रिक बाजू तिच्या शेवटपर्यंत लक्षात आली नाही, असं वाटतं. तरी तिला इतकं बोलताना मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. सगळा वेळ मला स्वच्छ ऐकू येत होतं. ॲम्पशिवाय.

२२ मार्च, सोमवार
लिफ्टवाला आला तेव्हा वर खुर्च्या एकावर एक रचत होते. कॅबिनेट बाहेर काढायला चार माणसं लागली. लेक आणि जावई निघून गेले होते. फोटोंत मी नाही. आवाजाचं बघत होतो.
सकाळी मेव्हणा आला. पार्टी फार छान झाली म्हणाला. आणि आडून आडून सांगितलं की मास्तरांनी कीबोर्डवर डाव्या हाताने बास वाजवला. मास्तरांना फोन केला. म्हणाले, राग मानू नका, इतकी वर्षं प्रॅक्टिसला डावा हात मुद्दाम मांडीवर ठेवून बसावं लागायचं. तुम्ही असताना बरोबर दिसत नव्हतं ना.
तालाबद्दल डॉक्टरांना विचारलं नाही.
ऑफिसला गेलो नाही. हॉलमध्ये कॅबिनेटसमोर बसून होतो. हिने चहा आणून दिला आणि शेजारी बसली. तक्त्याबद्दल, पैशांबद्दल, पाठीबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, संध्याकाळी लेकीकडे जाऊ या, पडद्याची एक दांडी वाकडी लागलीय. मी म्हटलं, ड्रिल मशीन नवं बघायला हवं, आपलं जुनं जड आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, बरं, नुसताच येतो.
मग विहीणबाईंचा फोन. फार आनंदात. म्हणाल्या, आमच्याकडचे सगळे बँडचं कौतुक करतायत, त्यातही बासचं. किती भरीव, किती तालात. त्यांचे एक काका स्वतः वाजवायचे पूर्वी, ते तर म्हणाले की असा बास वाजवणारा माणूस स्वभावाने फार शांत आणि दुसऱ्याचं ऐकून घेणारा असतो.
"तुम्ही कुठे उभे होतात तेवढं मात्र दिसलं नाही," त्या म्हणाल्या.
ही समोरच बसली होती, माझ्याकडे बघत.
मी म्हणालो, "थोडा खाली होतो."