नऊशे सत्त्याण्णवचा भागाकार

८ नोव्हेंबर १९५४
आलो एकदाचा! मानोऱ्यापासून दोन कोस बैलगाडीत पाठ मोडून निघाली, पण हेडमास्तर म्हणून आलो हे काय थोडं आहे? दोन खोल्यांची शाळा, अंगणात विहीर, मागे माझं बिऱ्हाड. जगदेव पाटलांनी मासिकातला माझा लेख वाचायला लावला. ९९९९८३ ही दहा लाखांच्या आतली सर्वांत मोठी मूळसंख्या. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळसंख्यांनी भागून पाहिली, एकीनेही नि:शेष भाग जात नाही. या लेखावरच ही जागा मिळाली. पाटलांना ओ की ठो कळलं नाही, तरी मान छान डोलावली. स्वयंपाकाला रंगूबाई नावाची म्हातारी आहे. अंबाडीची भाजी फक्कड करते.

९ नोव्हेंबर
रंगूबाई इंद्रभानची आई निघाली. माझ्याआधी तोच इथे मास्तर होता. या वहीत खरं लिहायला काय हरकत? भागाकार सगळे त्याचे. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून सुवाच्य नक्कल करून मासिकाला धाडायला त्याने वही माझ्याकडे पाठवली. मी माझ्या नावाने धाडली. शेवटचा भागाकार, ९९७ चा, त्याच्याकडेच राहिला होता. मी बाकी ३ ठोकून दिली. अंक पाहून त्याने याच विहिरीत उडी घेतली. मी का ढकललं होतं?

११ नोव्हेंबर
मुलांकडून पाढे म्हणवून घेतले. तिसाला थांबायचं, तर कार्टी थांबेचनात. एकतीस, सदतीस, एक्केचाळीस... नुसत्या मूळसंख्यांचे. कोणी शिकवले विचारलं, तर सगळी विहिरीकडे बघतात.

१२ नोव्हेंबर
ताट वाढून रंगूबाई म्हणाली, "मास्तर, त्या लेखावर माह्या लेकाचं नाव घाला. मंग थो तुमाले सोडीन."
डोकंच फिरलं. इंद्रभानची वही तिच्यादेखत चुलीत घातली. ती रडली नाही. जळून होईपर्यंत बघत बसली आणि म्हणाली, "राह्यलेला भागाकार आता तुमच्याच हातून करून घेईन थो."

१५ नोव्हेंबर
रोज सकाळी फळ्यावर ओल्या खडूने एकेक भागाकार. काल ९८३, बाकी २७२. आज ९९१, बाकी ६४. ताडून पाहिलं, बरोबर आहे. अक्षर त्याचंच. आता एकच उरला —

१६ नोव्हेंबर
भर वर्गात टेबलावर ओला कागद. बुडताना इंद्रभानच्या खिशात राहिलेला — ९९७ चा. बाकीच्या जागची शाई धुऊन गेलेली. मासिकाला पत्र लिहायला बसलो, सगळं कबूल करतो म्हणून. 'इंद्रभान' लिहू जातो, टाकातून आकडेच उतरतात. शब्द फक्त या वहीत उमटतात. तेही — कोंबडीचे पाय —

१७ नोव्हेंबर
पोरं विहिरीभोवती उभी. पाढा चालू. रंगूबाईने बाहेरून कडी लावली. दाराखालून पाणी येतंय — घोट्यापर्यंत — हात माझा राहिला नाही — ९९७ गुणिले १००२ — ९९८९९४ — वजा केले — इंद्रभान, तीन नाही रे, खरी बाकी लिहितो — उरले —