मुहर्रकचा नाखवा

शुक्रवार, १० जानेवारी

पाटी लागली! आमच्याच दारावर, आम्हाला न विचारता. "नोखदाचं घर" — अरबीत आणि इंग्रजीत. खाली लिहिलंय, मोत्यांच्या जहाजाचा कप्तान इथे राहत होता. मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून बघतच राहिले. कोण कप्तान? कुठला कप्तान?

घरमालकाचा नातू यूसुफ भलताच खुशीत. "खाला, कमिटी आयेगा, घर रिपेअर करेगा. कॅप्टन का घर, बहुत अच्छा!" जुन्या घरांसाठी कमिटी पैसे देते म्हणे.

शनिवार, ११ जानेवारी

डोकं शांत होत नाही, म्हणून लिहिते. कप्तान-बिप्तान कुणी नव्हता. इस्माईलचाचा होता, श्रीवर्धनचा. आखातात आल्यावर त्याने मुहर्रकमधलं हे घर भाड्याने घेऊन गावाकडच्या पोरांसाठी लॉज काढली. बोटीतून येताना ओकून ओकून अर्धा झाला होता बिचारा, म्हणून पोरांनी चेष्टेने नाव ठेवलं — नाखवा! आमच्या कोकणात होडीच्या मालकाला म्हणतात तसं. ते चिकटलं ते चिकटलंच. त्याच्यामागे माझ्या सासऱ्यांनी, दादामियांनी, लॉज चालवली. तेही नाखवा. मग माझा नवरा वकार, तोही नाखवा. शेजारच्या अरबांनी 'नाखवा' ऐकलं आणि 'नोखदा' समजले. त्यांच्यात नोखदा म्हणजे जहाजाचा कप्तान. झालं! वकारला तर पोहतासुद्धा येत नव्हतं.

हसूही येतं आणि रागही येतो. वकार याच घरात राबून राबून गेला. आता मी चालवते. मला कुणी नाखवा म्हणत नाही, भाभी म्हणतात. ते असू दे. पण पाटीवर नसलेला माणूस, आणि असलेली सगळी गायब? हा कुठला न्याय!

मंगळवार, १४ जानेवारी

यूसुफला तोंडावर सांगितलं. पोराचा चेहराच उतरला. "खाला, कॅप्टन मफी, तो पैसा मफी. पैसा मफी, तो मैं बेचेगा. इदर बिल्डिंग बनेगा. खलास." मफी म्हणजे नाही. म्हणजे मी खरं बोलले तर घर पडणार. वीस-बावीस माणसं झोपतात इथे. ती कुठे जातील?

बुधवार, १५ जानेवारी

जेवताना विषय काढला. अर्सलान ताटावरून उठलाच. म्हसळ्याचा पोरगा, एअरपोर्टवर सामान चढवतो. "भाभी, आमचा काही विचार? तिकडे माहूज भागात एका खाटेचं भाडं विचारून या जरा!" त्याचं काय चुकलं? मी ताटं उचलली.

मग लेकीला, लाईबाला, फोन केला; ती तिकडे जनाबिया भागात राहते. लाईबा म्हणते, "मम्मी, हू केअर्स? लेट इट गो ना!"

हू केअर्स! अगं, तुझ्या बापाचं नाव आहे ते!

गुरुवार, १६ जानेवारी

नाही. मी गप्प बसणार नाही.

रविवार, १९ जानेवारी

आमच्या लॉजवर नव्या माणसाला नाव नंतर विचारतात, गाव आधी. ज्याचं जे गाव, त्या गावाची खुंटी. मोठ्या खोलीत प्रत्येक खुंटीच्या वर गावाचं नाव लिहिलेलं होतं. यूसुफने मागे भिंतींना रंग दिला तेव्हा सगळं पांढरं करून टाकलं. आज सगळे कामावर गेल्यावर उलथनं घेतलं आणि लागले खरवडायला. आधी श्रीवर्धन निघालं. मग बोर्ली, दिघी. मग म्हसळा — ते वकारच्या हातचं. त्याचा 'ळ' कायम आडवा पडलेला असायचा, तसाच आहे. तिथेच भिंतीला टेकून रडले. खूप रडले.

वळून बघते तर दारात अर्सलान, शिफ्ट संपवून आलेला. म्हटलं, आता हा भांडणार. म्हसळ्याच्या खुंटीकडे बघत म्हणाला, "माझे अब्बा इथे राहायचे तेव्हा याच खुंटीला सदरा टांगायचे ना?" आत जाऊन सुरी घेऊन आला आणि पलीकडच्या टोकाने खरवडायला लागला. माझ्याकडे बघितलंही नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कमिटीच्या बाई आल्या. यूसुफ मागून डोळे वटारत होता. वटार बाबा! मी बोललेच. "मॅडम, कॅप्टन झूठ है. हम लोग खाना पकानेवाले. ये लॉज है, पहिले दिन से."

बाई खुंट्यांपुढे उभ्या राहिल्या. एकेक गाव माझ्याकडून वाचून घेतलं, फोटो काढले. मग यूसुफशी अरबीत बोलल्या. मला अर्धंच कळलं, बाकीचं त्याने सांगितलं: कप्तानांची घरं या गल्लीत बरीच आहेत, अशी लॉज त्यांनी एकही बघितली नाही. पैसे मिळणार! पाटी बदलणार! इस्माईल, दादामियां, वकार, आणि शेवटी रुकय्या, म्हणजे मी! या अल्ला, मी तर खालीच बसले. यूसुफ आता मलाच मिठाई भरवतोय, लबाड कुठला. सगळ्यांसाठी मटण केलं. अर्सलानने तीनदा मागून घेतलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

यूसुफ आला, खाली मान घालून. घर मंजूर झालं — म्युझियम म्हणून. खाटा तशाच राहणार, खुंट्या तशाच, नावं तशीच. फक्त माणसं राहायची नाहीत. रोजे सुरू व्हायच्या आत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत, सगळ्यांनी जागा सोडायची. मीसुद्धा.

भाताचा मोठा टोपही हवाय त्यांना, काचेच्या कपाटात ठेवायला. नाही देणार! उद्या भात कशात करू?