अंगठ्याजवळचा दुसरा तंतू

प्रिय दादा,

माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर बघून नाक मुरडशील, पण फोनवर तू बरं आहे म्हणून विषय गुंडाळतोस, म्हणून कागद घेतला. निवांत वाच. कप डाव्या हातातच धर, उजव्याला उगाच त्रास नको.

सध्या आम्ही विद्यार्थ्यांना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उलगडून दाखवतोय. देहदान केलेल्या कुणाचा तरी हात, नखांच्या कडेला अजून निळा रंग. बहुधा रंगारी असावा. इतकी वर्षं हेच शिकवते, तरी कातडी बाजूला झाली की माझी बोलती बंद होते. आणि माझी बोलती बंद होणं किती अवघड, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? अंगठ्याच्या पाठीचा स्पर्श मेंदूला कळवणारा मज्जातंतू स्नायूखाली दडून येतो आणि मनगटाच्या जरा वर अलगद बाहेर पडतो. तुझ्या दुकानात तसबिरीची काच निसटली ती नेमकी तिथे.

तुटलेला तंतू गप्प बसत नाही, दादा. हरवलेली कातडी शोधत त्याचं टोक वाढत राहतं. वाट सापडली नाही की तिथेच गुंता होतो, वाटाण्याएवढी गाठ. बाही नुसती घासली तरी तू कळवळतोस ती तिच्यामुळे. तुझे हाल दिसतात, तरीही त्या चिकाटीपुढे मला हात जोडावेसे वाटतात. आपल्या घरात इतका चिवट दुसरा एकच, आणि तो हे पत्र वाचतोय.

तुझ्या सर्जननी ती गाठ काढली, टोक वर नेऊन स्नायूत खोल ठेवलं. तिथे ते सहसा शांत होतं. तुझी आग मात्र थांबली नाही. मग लोक म्हणायला लागले, दुखणं मनाचं आहे. हळूहळू तूही तेच म्हणायला लागलास, याचा मला फार राग येतो.

परवा त्या रंगाऱ्याच्या हातात मी दुसरा एक तंतू सोडवत होते, कोपराकडून हिरव्या शिरेच्या सोबतीने येणारा. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात तो मनगटाशी संपतो. इथे संपेचना. दोऱ्याहून बारीक होत थेट अंगठ्याच्या मुळाशी गेला, पहिल्याच्याच अंगणात! मी बाकीच्या टेबलांवरचे हात पाहिले. कितीतरी हातांत तेच. एवढ्याशा जागेवर दोघांची राखण. विद्यार्थ्यांसमोर माझे डोळे भरून आले. तुझ्या काचेने बहुतेक दोन्ही तोडले आणि शोधला गेला एकच.

सर्जनशी बोलले. त्यांनी खळखळ न करता ऐकलं. आधी सुईने तो दुसरा तंतू बधिर करून बघायचा. आग थांबली, तर त्याचंही टोक काढून स्नायूत ठेवायचं. छातीठोक काही सांगत नाही; अंगठ्याची पाठ कदाचित कायमची बधिर राहील. पण काच कापायला जोर नको, हलका हात हवा, हे तूच मला शिकवलंस. आणि तो हलका हात बोटांच्या पेरांत असतो. त्यांचा तंतू वेगळा, तळहाताकडून जाणारा. त्याला धक्काही लागलेला नाही.

काल वहिनीचा फोन आला. बोलण्यापेक्षा रडलीच जास्त. म्हणाली, हात मनगटाच्या वरून काढूनच टाका असं तू दुसऱ्या एका डॉक्टरांना सांगून आलायस आणि तिने समजूतदारपणे सोबत यावं अशी तुझी अपेक्षा आहे. दादा, हात गेला तरी ते तंतू जाणार नाहीत. वर जिथे कापले जातील तिथून पुन्हा वाढतील, पुन्हा अंगठा शोधतील, आणि तेव्हा तो नसेल. आत्ता निदान तो अंगठा तरी आहे. मी गुरुवारी पोचते, सुईच्या वेळी तुझ्याशेजारी बसणार आहे. तोवर कुठेही सही करू नकोस. माझ्यासाठी एवढं कर, तो हात राहू दे.

तुझीच,
चिंगी