मधे अंथरलेली घोंगडी

मुडबी, जुलै १९५७. मंगळवार, दिवेलागण.

माझा ताप उतरला, खोकला आहे. डॉक्टरांनी बजावलंय, फ्लूची साथ आहे, कुणाला जवळ येऊ देऊ नका, म्हाताऱ्यांना तर मुळीच नाही. मी कोण, तरणा?

संध्याकाळी मल्लप्पा धनगर नेहमीसारखा ओट्यावर चढायला लागला. त्याला दमा. हा ताप त्याला झेपायचा नाही. पण "लांब बस" हे तोंडातून निघेना. याच्याच बापाच्या अंगणात विटाळ नको म्हणून आम्हाला लांब उभं करायचे. माणसाला लांब ठेवणं हा गुन्हा आहे, असं मी गावोगाव गरजलो, ते यासाठी? शेवटी मान खाली घालून साथीचं सांगितलं, लांब बस म्हणालो.

तो खो खो हसला. "एवढंच व्हय? मग रडायलास कामून, गड्या?"

खांद्यावरची घोंगडी त्याने आमच्या मधे अंथरली. धनगर तिच्यावर मानाच्या पाहुण्याला बसवतात, चप्पल पडू देत नाहीत. "हिला मी ओलांडत न्हाई, तूबी ओलांडू नको. आता ठोक भाषण!"

ठोकलंच! गल्लीतले म्हातारे आपापल्या उंबऱ्यावर येऊन बसले. समोरून गंगक्का ओरडली, "जोरात बोल की अण्णा, कानातून साथ शिरत न्हाई!"

लांब ठेवणं वेगळं, जपणं वेगळं. एवढं साधं मला कोणत्याच पुस्तकात कसं सापडलं नाही?

जाताना मल्लप्पा घोंगडी इथेच ठेवून गेला. म्हणाला, "साथ सरली की हिच्यावर पहिल्यांदा तू बसायचं."