पाताळातल्या तिघींचे झगे

आई, सध्या मी पाताळातून वर येणाऱ्या तीन बायकांचे झगे शिवते आहे. इथल्या विद्यापीठातल्या मुलांनी जुन्या ग्रीक कथांवरून स्वतःच एक नाटक लिहिलंय आणि कपड्यांचं काम कुणीतरी माझ्याकडे पाठवलं. हॅमिल्टनमधल्या एका ड्रायक्लीनरच्या दुकानात, मागच्या भिंतीशी माझं मशीन आहे. जीन्स आखूड करायच्या, कोटांच्या चेन बदलायच्या, हेच माझं रोजचं काम. तुला जाऊन चोवीस वर्षं झाली. २०१७ साल चालू आहे, तू इथे आली होतीस तेव्हाच्या तुझ्या वयाची मी झालेय, गुडघेही तुझेच आलेत. आणि मी दमलेय. कामाने नव्हे, काम तर मला आवडतं. एक गोष्ट तुला सांगायची राहिली, ती इतकी वर्षं वागवून दमलेय.

नाटक बसवणारी बाई पहिल्या दिवशी चित्रं घेऊन आली. केसांच्या जागी साप, डोळ्यांतून रक्त, हातात चाबूक आणि पलिते. ह्यांना एरिनीज म्हणतात, असं तिने सांगितलं. आभाळाला त्याच्याच मुलाने जखमी केलं, ते रक्त जमिनीवर सांडलं आणि त्यातून ह्या जन्मल्या. खोटी शपथ घेणाऱ्यामागे त्या लागतात, पण सगळ्यात जास्त आईबापांचा अपराध करणाऱ्यामागे. लोक त्यांचं नावसुद्धा घेत नसत, ‘दयाळू बाया’ म्हणत. मला लगेच कळलं ते. आपण नाही का तिन्हीसांजेला साप म्हणत नसू, जनावर म्हणायचो, आणि कांजिण्या आल्या की ‘बाया आल्यात’ म्हणायचो. ती म्हणाली, “तुमच्याकडे असं काही आहे का?” मी म्हटलं, आहे, आमच्याकडे तळतळाट लागतो. पण त्याला केस नसतात, हात नसतात, शिवायला काहीच नाही. ती हसली आणि वहीत लिहून घेतलं.

साप मी पायमोज्यांचे केले. जुन्या लांब नायलॉनच्या मोज्यांत कापूस भरला, आत तार घातली, म्हणजे हवे तसे वळतात. झग्यांना काळं जॉर्जेट, खाली अस्तर. अस्तराची टीप घालताना तू मागे उभी आहेस असं वाटतं. तू इथे होतीस त्या सहा महिन्यांत स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझं मशीन असायचं आणि तू चहाचा कप घेऊन मागे यायचीस. एकदा शेजारणीच्या मुलीच्या फ्रॉकची बाही तू न विचारता उसवलीस. “ही बाही कुणाच्या तरी अंगावर जायची आहे, विसरलीस काय?” म्हणालीस. चूक माझीच होती, बाही ओढत होती. पण मी छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि त्या टेबलाशी एकदम बारा वर्षांची होऊन उभी राहिले. रात्रपाळी करून आलेले हे आतल्या खोलीत झोपलेले, म्हणून मी आवाजही चढवला नाही.

तिघींपैकी एक मुलगी जळगावची निघाली. इथे कॉलेजात शिकते, एका कॉफीच्या दुकानात काम करते, चार मुलींबरोबर बेसमेंटमध्ये राहते. माप घ्यायला आली आणि माझं आडनाव बघून म्हणाली, “काकू, तुम्ही मराठी? थँक गॉड, आता मला नीट सांगता येईल की हे काखेत टोचतंय.” मला ती आवडली. दुसऱ्या फिटिंगला ती स्टुलावर उभी, मी खाली बसून घेर टाचते आहे, तोंडात टाचण्या. तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. काळा झगा दिसू नये म्हणून तिने फोन अगदी चेहऱ्याशी धरला. आई पदवीदानाला यायचं म्हणत होती, व्हिसाला कधी अप्लाय करू, असं विचारत होती. पोरगी न अडखळता म्हणाली, “अगं, सध्या देतच नाहीयेत पेरेंट्सना. माझ्या मैत्रिणीच्या आईचा रिजेक्ट झाला. उगाच नको करूस.” पलीकडून आवाज आला, “बरं बाई. सरकारपुढे आपण काय करणार?”

आई, हेच वाक्य. जवळजवळ हेच.

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, “काय करू काकू? तिने माझी खोली बघितली ना, तर घरी घेऊन जाईल.” मी टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि तिला ते सांगितलं, जे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. की माझी आई अशीच आली होती. कराडला दादाकडे तिची खाट जिन्याखाली गेली होती, सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिला ताट मिळायचं. फेब्रुवारीत एकदा पोळ्या लाटताना ती म्हणाली, “मी इथंच राहू का गं?” मी म्हटलं, मुदत वाढवायला अर्ज करते. फॉर्म आणला. कपाटातल्या चादरींखाली ठेवला. मार्चमध्ये, अंगणातला बर्फ शोव्हल करून आत आले तेव्हा ती दारात टॉवेल घेऊन उभी होती, आणि मी बूट काढता काढता म्हटलं, “आई, मुदत नाही वाढवून मिळाली.”

तू माझ्या हातात टॉवेल दिलास. “बरं. सरकारचं काय आपल्या हातात असतं?” मग थोड्या वेळाने, भांडी पुसताना, “त्यांचा कागद आला असेल ना? नीट ठेव हो. पुढच्या वेळी लागेल.” दाखव म्हणाली नाहीस. इंग्रजी येत नव्हतं म्हणून की तुला कळलं होतं म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. जायच्या आधी तू माझ्या सगळ्या पडद्यांना नवी किनार घालून दिलीस. दोन वर्षांनी दादाचा फोन आला. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

पोरगी स्टुलावर तशीच उभी होती. “काकू, मग आजींना कळलं होतं का?”

“माहीत नाही.”

“त्या रागावल्या असत्या का?”

“रागावली असती तर बरं झालं असतं,” मी म्हटलं. “वळ जरा, मागचा घेर राहिलाय.”

प्रयोगाला ती मला ओढत घेऊन गेली. मेकअप करायच्या आधी पॅसेजमध्ये गाठून म्हणाली, “मी आईला सांगितलं. बेसमेंट, पाच जणी, सगळं. ती खूप रडली. मग म्हणाली, मी येताना माझी गादी आणते.” ती हसत होती, डोळे ओले. तिच्या आईने अर्ज केलाय. मिळेल न मिळेल, पण केलाय.

मी मागच्या रांगेत बसले. धुरातून त्या तिघी वर आल्या तेव्हा शेजारच्या बाईने नवऱ्याचा हात धरला. मला वाटलं होतं, मी घाबरेन, निदान रडेन. पण मी मधलीचा घेर बघत होते, डावीकडे थोडा उतरला होता. मुलांनी शेवट वेगळा केला होता. त्या कुणाला मारत नाहीत. नुसत्या त्या अपराधी माणसाच्या मागे चालतात, गावोगाव, आणि तो थकून खाली बसतो तेव्हा त्याही त्याच्या शेजारी बसतात. कुणीच काही बोलत नाही. दिवे जातात. लोकांना ते कळलं नसावं, टाळ्या उशिरा आल्या. मला कळलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. झगे शिवायला घेतले तेव्हापासून दुकानाच्या पावत्यांच्या मागे थोडं थोडं लिहितेय, गिऱ्हाईक आलं की थांबते. एवढंच राहिलंय. तू अजून एकदा विचारलं असतंस, तर मी त्याच दिवशी फॉर्म भरला असता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. परवा त्या मुलीलाही तसंच सांगितलं, आणि तिने मान डोलावली.

नसता भरला, आई.