खळीची बादली

प्रिय ओदिलों,

निवडणुकीच्या पहिल्या फेरीत तू तिसरा आलास, तरी दुसऱ्या फेरीला उभा राहू शकतोस. माघारीची मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे आणि तुझ्या मतांसाठी डावे-उजवे दोघेही तुझ्या दारात बसलेत म्हणे. माझा जीव थाऱ्यावर नाही.

पाववाली युगेत म्हणाली, "फिर्मिनदादा, तुमचा धाकटा रस्त्याच्या मधोमध चालतो, म्हणून दोन्हीकडच्या गाड्या त्यालाच उडवतात!"

"उडवू देत. तो कडेला होणार नाही."

बोललो खरा, पण होशील का रे?

तू पहिल्यांदा खासदार झालास, तेव्हापासून शाळेसमोरच्या फळीवर तुझं पोस्टर मीच चिकटवतो. हे पत्र टपालाने पोचेपर्यंत मुदत संपेल, म्हणून टाकत नाही, हातानेच आणतोय. खळीची बादली घेऊन सकाळच्या बसने येतोय. माघारच घ्यायची असेल, तर "खळ ओतून दे" असं माझ्या तोंडावर सांग.

तुझा थोरला,
फिर्मिन